चौऱ्याण्णव सेकंद

२० जानेवारी २०२५
लीना पुण्याला परत गेली. जाताना घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं. म्हणाली, ‘फुकट आहे बाबा, व्हायरसही येत नाही.’ फुकट म्हटल्यावर मी हरकत घेतली नाही. खातं सगळ्यांचं एकच, नाव ‘घर’.

त्यात सुरुंग शोधायचा खेळ निघाला. पुलगावच्या डेपोत बत्तीस वर्षं दारूगोळ्याची रजिस्टरं लिहिली, बॉम्बला हात लावायची वेळ आता आली. दोनशे दहा सेकंदांत जिंकलो! यादीत नाव टाकलं — वासुदेव.

२५ जानेवारी
एकशे ऐंशी! बायकोला, आनंदाला दाखवलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘दिवसभर तेच करून राह्यले, डोळे जातीन एखाद दिवशी.’ तिला यातलं काय कळणार!

१ फेब्रुवारी
माघी चतुर्थी. सकाळच्या बसनं शेजारच्या लक्ष्मणरावांबरोबर केळझरच्या गणपतीला. आनंदा आली नाही — गुडघे. रांग केवढी! घरी यायला दिवस मावळला. आज कॉम्प्युटर सुरूसुद्धा केला नाही.

४ फेब्रुवारी
यादीत सर्वांत वर — वासुदेव, चौऱ्याण्णव सेकंद!

हा डाव मी कधी खेळलो? आठवत नाही. तरी फिरायला जाताना लक्ष्मणरावांना सांगून टाकलं. ते म्हणाले, ‘फेकू नका वासुदेवराव! सोळाच्या रविवारी मी पाहालेच येतो.’

९ फेब्रुवारी
शंभराच्या आतले आता तीन डाव. तिन्हींवर माझं नाव. एकही आठवत नाही. आणि जागेपणी खेळतो तेव्हा एकशे सत्तरच्या खाली येत नाही.

माझ्या थोरल्या भावाचं, रामाजीदादाचं असंच सुरू झालं होतं. जेवून हात धुवायचा आणि विचारायचा, ‘आज जेवाले नाई का?’ आम्ही हसायचो.

मला भीती वाटते. वर्ध्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली, सतरा तारखेची. आनंदाला सांगितलं नाही. तिचा जीव टांगणीला कशाला लावायचा.

१० फेब्रुवारी
खेळलो नाही.

१४ फेब्रुवारी
शेवटी लीनाला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बाबा, यादीत उजवीकडे तारीख-वेळ असते. पाहिली का?’

नव्हती पाहिली. बत्तीस वर्षं रजिस्टर लिहिणारा माणूस आणि तारखेचा रकाना पाहिला नाही!

चौऱ्याण्णव सेकंद — १ फेब्रुवारी, दुपारी १.४०. मग हीच वही मागे उलटली. त्या दुपारी मी केळझरला रांगेत उभा होतो.

म्हणजे विसरलो नाही! मोरीत जाऊन रडलो. तोंड धुताना डोक्यात आलं — घरात आम्ही दोघंच. बाकीचे डावही दुपारचेच. दुपारी मी झोपतो.

१५ फेब्रुवारी
झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळानं माउसची टकटक. दाराआडून पाहिलं — नाकावर माझा चष्मा, एक्याण्णव सेकंद. विचारलं, ‘आपलं नाव काऊन नाई टाकत?’ दचकलीच.

‘मले नावाचं काय करा लागते! तुमचं पहिलेच लिहून रायते, मी ओके दाबून देतो. तुमी एवढे खूश होऊन राह्यले होते, मंग काऊन सांगू?’

खूश!

१६ फेब्रुवारी
लक्ष्मणराव आले. कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर आनंदा बसली. चहा मी केला. साखर टाकायला विसरलो. घाबरलो नाही.