चार नद्या, एक रांजण

१२ जून १९७२

शाळा सुरू. नवे हेडमास्तर बिराजदार — वय तिशीच्या आत, आवाज मात्र साठीचा! प्रार्थना संपली तसं सांगून टाकलं, यंदापासून शाळेत चार गट. तेरणा, मांजरा, सीना, बोरी. प्रत्येक गटाला एक शिक्षक, मुलांतला एक गटप्रमुख. हजेरी, स्वच्छता, प्रार्थना, कबड्डी — सगळ्याला गुण. शेवटी ढाल. माझ्या वाट्याला बोरी आली.

दुसरी गोष्ट मोठी. आपली शाळा दहावीपर्यंत. पुढच्या जूनपासून इथं अकरावीचा, मॅट्रिकचा वर्ग मागितला आहे. संक्रांतीनंतर जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार. दहावीत वीस मुलं बसलेली दिसली तर वर्ग मिळणार. नाही तर मॅट्रिकला वाशी. चार मैल. मुलगे जातील. मुलींना कोण पाठवतंय?

दहावीत नावं सत्तावीस. मुली आठ. त्यातली एक माझी लेक उमा.

१५ जून

गट पाडायला बसलो. बिराजदार म्हणाले, चिठ्ठ्या टाकू. मी म्हटलं, त्यापेक्षा वाटेप्रमाणं करा. मोठी मुलं लहानांना घेऊन येतील, विंचूकाट्याची भीती नाही. सगळ्या शिक्षकांना पटलं. खडकीची मुलं सीना, हिंगणीची मांजरा, गावातली तेरणा. ओढ्यापलीकडची — बौद्धवाडा आणि तांडा — बोरी.

हेडमास्तरांनी चिठ्ठ्यांचे कागद खिशात घातले. मग म्हणाले, “तुम्ही वडीलधारे. तुमचं ऐकतो.”

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२८ जून

व्हरांड्यात चार रांजण मांडले, गटागणिक एक. ज्यानं त्यानं आपला भरायचा. कुठं कुरबूर नाही. किती सुरळीत!

बोरीची प्रमुख कडूबाई. बौद्धवाड्यातल्या पिराजीची मुलगी. तिच्याआधीची तीन गेली, म्हणून नाव कडू. बोलणं मात्र तिखट. मी विचारलं, “प्रार्थना सांगता येईल का गं?” तर म्हणते, “सांगंन की सर. पन मागल्या रांगंतल्यांनी ओठ हलवल्यावानी करू नये, एवढं तुमी बघा.”

१९ जुलै

पाऊस नाही. आड तळाला गेला. लिंगपूजेला आज पळीभर पाणी. देवाला चालतं. न चालणारा मीच होतो, आता सवय होईल.

१५ ऑगस्ट

काय लिहू! झेंडावंदन छान झालं. मग कबड्डी, तेरणा आणि सीना. म्हणजे आमचं गाव आणि खडकी. दोन्हीकडची पागोटी बघायला आलेली. जत्रेत देवळाला आधी कुणाची काठी लागायची, यावर या दोन गावांचं माझ्या लहानपणापासूनचं वैर. तेरणेच्या पोरानं सीनेच्या पोराचा पाय धरला, तर मागून कुणी तरी ओरडलं, “धर! काठीच्या वक्ताला असाच पळला व्हता त्याचा आजा!”

पोरं राहिली बाजूला, आजे भिडले. दोन सदरे, एक दात. खडकीचे ज्ञानोबा पाटील जाताना काठी आपटून म्हणाले, “आमची पोरं तुमच्या शाळंत न्हाय धाडत. जावा!”

१६ ऑगस्ट

सीनेची रांग सबंध मोकळी. फळ्यावर त्यांच्या हजेरीपुढं शून्य.

४ सप्टेंबर

ओढ्यावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. आज बोरी गट जवळजवळ अख्खा तिकडं. कडूबाईसुद्धा. त्यांना काय म्हणायचं? घरात दाणा नाही.

दहावीत अकरा जणं.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, “एक गाव रुसलं की एक गट जातो. एका वस्तीला काम लागलं की दुसरा जातो. आपण गट नाही पाडले, सर. होत्या त्याच भिंतींना नद्यांची नावं दिली.”

मी रांजणांकडं बघितलं. सुरळीत का होतं ते तेव्हा कळलं! कुणाला कुणाच्या हातचं पाणी प्यायची वेळच आम्ही येऊ दिली नव्हती. रोज कपाळाला विभूती लावतो. बसवण्णांनी काय सांगितलं ते तोंडपाठ आहे. आणि हातून हे.

१० सप्टेंबर

हेडमास्तर आणि मी खडकीला. ज्ञानोबा पाटलांनी घोंगडं टाकलं, चहा दिला, पण गाडी काठीवरून हलेना. चाळीस वर्षांपूर्वीची जत्रा काल झाल्यासारखी सांगत होते. त्यांची नात चांगुणा दहावीत, सीनेची प्रमुख. ती दारातूनच बोलली, “आबा, त्या काठीपायी माझं वरीस जातंय. काठीला मॅट्रिकला बसवता का?”

“लई शानी झालीस!”

“शाळंनंच केलं. तुमीच घातलं व्हतं.”

पाटील हसले नाहीत, पण चहा आणखी मागवला. निघताना एवढंच म्हणाले, “बघू.”

२ ऑक्टोबर

गट मोडले. नव्यानं चिठ्ठ्या! पितळेच्या घागरीत सगळ्या शाळेची नावं, काढायला पाचवीतली सगळ्यात लहान मुलगी. खडकीची मुलंही आली होती — सगळी नाही, निम्मी. तलावाचं काम पंधरवडा बंद, म्हणून ओढ्यापलीकडचीही हजर. बोरीत आता चारी वाटांची मुलं. कडूबाईच प्रमुख राहिली, मुलांनीच हात वर केले. चांगुणाची चिठ्ठीही बोरीत निघाली. काल सीनेची प्रमुख, आज साधी गडी! तोंड एवढंसं झालं तिचं. उमा तेरणेत.

१० ऑक्टोबर

अडचण आलीच. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, एकच रांजण भरतो. तीन उलटे घातले. आता पाणी वाढायची पाळी गटागटानं. हा आठवडा बोरीचा, म्हणजे कडूबाईच्या हातात लांब दांड्याचं ओगराळं.

पहिल्या दिवशी निम्मी शाळा तहानलेली घरी गेली. विचारलं की “तहान न्हाय, सर,” एवढंच. आश्विनाच्या उन्हात!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चांगुणा गेली आणि ओंजळ धरली. कडूबाई म्हणाली, “घरी इचारलंस?” ती म्हणाली, “ओत, नायतर सुट्टी सरंल.” तिच्यामागं उमा गेली. मग मी. माझा नंबर तिसरा लागला, आधी का लागला नाही याचा विचार करतो आहे.

१३ ऑक्टोबर

ज्ञानोबा पाटील भर दुपारी आले. खडकीहून पायी, घामानं थबथबलेले. नातीबद्दल कानावर गेलं असणार. व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसले आणि पहिला शब्द — “पानी!”

कडूबाईनं ओगराळं दिलं. एका दमात प्याले. मिशा पुसल्या. मग वर बघून, “कुनाची गं तू?”

“पिराजीची. वढ्यापलीकडली.”

सगळी शाळा खिडक्यांतून बघत होती. पाटलांनी ओगराळ्यात बघितलं, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“आता पोटात गेलं,” म्हणाले. “काढता थोडंच येतंय! दे आनखी.”

भांडायला आले होते ते विसरले की ठेवून दिलं, देवाला ठाऊक. जाताना मला म्हणाले, “मास्तर, घरी सांगू नगा.” अख्ख्या शाळेनं बघितलंय आणि घरी सांगू नका!

१६ नोव्हेंबर

दिवाळी कशीबशी. सुट्टी संपली, पण दहावी पुन्हा गळते आहे. आता एकट्या वस्तीची नाही, सगळ्यांचीच मुलं तलावावर. पाटलांची सून आणि पिराजीची बायको एकाच ढिगाची खडी फोडतात. दुष्काळानं जे केलं ते शाळेला जमलं नाही.

पण एक वेगळं दिसतंय. पूर्वी गट जायचा तो सबंध जायचा. आता प्रत्येक गटाची चार माणसं तलावावर, चार शाळेत. शाळेतली तलावावरच्यांना रोजचा धडा सांगतात, कारण गटाचे गुण जातात. उमा संध्याकाळी भूमिती शिकवून आली. हातावर खडूऐवजी मुरूम.

२० नोव्हेंबर

तलावाच्या मुकादमाला, कोंडीरामला भेटलो. कल्पना चांगुणाची, धिटाई कडूबाईची. त्या म्हणाल्या, दुपारी भाकरीची सुट्टी असते. तेवढ्यात आम्ही बसतो. दहावीच तिकडं न्या, सर.

कोंडीराम डोकं खाजवत म्हणाला, “सायेब आला तर मी काय सांगू? दगूड शाळा शिकत्यात?”

“सांगा, दगडं फोडणारी शिकत्यात,” कडूबाई म्हणाली.

बाभळीखाली फळा टेकवला. चोवीस जणं! कामावर वाटतात त्या सुकडीचा वास, दगडावर सुतकीचा ठोका, आणि हेडमास्तर इंग्रजी शिकवतायत. बसायचं गटागटानं — हा त्यांचा हट्ट. पण एका घोंगड्यावर बसलेली चार मुलं चार वाटांची.

२३ जानेवारी १९७३

साहेब आले. शाळेत दहावीचा वर्ग रिकामा — फक्त बाकं. त्यांच्या कपाळाला आठ्या. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, “वर्ग भरलाय. चला, दाखवतो.” जीप ओढ्याकडं.

साहेबांनी चोवीस डोकी मोजली. पांढऱ्या भुकटीनं माखलेले हात. एकाला उतारा वाचायला लावला, चांगुणाला गणित घातलं. तिनं फळ्यावर सोडवलं. मग कडूबाईला विचारलं, “तुझा गट कोणता?” ती म्हणाली, “बोरी.” “बोरी कुठं आहे ठाऊक आहे का?” “व्हय. जिल्ह्यातच हाय. पानी आलं की दिसंल.”

साहेब हसले. जीपमध्ये बसताना मात्र हळूच म्हणाले, “मास्तर, मला सगळं दिसलं. पण नियमात वर्ग म्हणजे शाळेची इमारत. मी लिहितो. पुढचं वर.”

१८ एप्रिल

वर्ग नाही.

वरून कळवलंय, तपासणीच्या दिवशी मंजूर जागेत वर्ग भरलेला नव्हता. मॅट्रिकला वाशी.

हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर स्वतः सांगितलं. मुलगे पायाकडं बघत उभे. मुली एकमेकींकडं. त्याच दिवशी ढाल वाटायची होती, ती मांजरा गटाला गेली. टाळ्या वाजल्या, पण खऱ्या नव्हत्या. कडूबाईनं मात्र जोरात वाजवल्या, अंगठा दगडानं सोलला होता तरी.

मी पूजेला बसलो तेव्हा काही मागावंसं वाटेना. वर्षभर गट, गट करत राहिलो. हाती काय आलं?

३ मे

उमाच्या आईचा, इरम्माचा भाऊ अक्कलकोटहून आला होता. उमासाठी स्थळ आणलंय, माणसं चांगली. मी म्हटलं, “पुढच्या महिन्यात बघू. तसंही आता शाळा संपलीच.”

तो गेल्यावर इरम्मानं ताटं घासता घासता विचारलं, “संपली म्हंजे?”

“वाशी चार मैल आहे.”

“खडकीच्या पाटलाला तुमी काय सांगून आला व्हता मग? चांगुणाला धाडा म्हणून?”

“ते निराळं.”

“निराळं!” एवढंच म्हणाली आणि राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मी उठून बाहेर आलो. चार मैल, निर्मनुष्य वाट, पोर सोळाची. मी काही चूक बोललो असं मला अजून वाटत नाही. पण झोप लागायला उशीर झाला.

२८ मे

उमा काही मागत नाही. भूमितीची वही मात्र रोज उघडते. अक्कलकोटला अजून होकार कळवलेला नाही. लिहायला बसलो की हात थांबतो.

११ जून

सकाळी पूजा आटोपत होतो, तर दारात काठी आपटली. ज्ञानोबा पाटील! डोक्याला पागोटं, पायात नवी वहाण. मागं रस्त्यावर मुली — चांगुणा, कडूबाई, हिंगणीच्या दोघी, तांड्याची एक... मोजल्या, सात. रांगेत, गटागटानं, सवयीनं.

“वाशीला निगालो,” पाटील म्हणाले. “रोज म्याच नेतो आन् आनतो, हितं तरी काय काम हाय मला? मास्तर, तुमची पोरगी आजून तयार न्हाय व्हय?”

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत उमा बाहेर पडली. पिशवी तिच्या आईनं रात्रीच भरून ठेवली होती.