उन्हाच्या पेटीचं झाकण

७ मे १९८४
सगळ्यात आधी कौसल्या आली, शेजारची. पेपरवाले तिच्या मागून. "काकू, फोटोवाला बी हाय, लुगडं बदला!" बदललं. फोटो पेटीचाच काढला. जाऊ दे.

महिला मंडळानं महिनाभर वापराले दिलेली, पटली तं विकत घ्याची, अशी उन्हाची पेटी पाहाले आले होते. आत काळे डबे, वर काच, झाकणाले आरसा. वरण शिजून राहिलं होतं. चष्मेवाल्या लिहिणाऱ्यानं झाकण उघडलं. मग फोटोवाल्यानं. मग आमच्या यांनी उघडून दाखवलं. सारी ऊब गेली. चष्मेवाला डाळ दाबून म्हणे, "कच्ची आहे." असनारच ना बापा!

प्रश्न सारे यांनाच. यांनी जन्मात चहा केला नाही. शांता, माझी सून, रांधणारी, कप घेऊन उभी. तिले एक प्रश्न नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

१० मे
आलं पेपरात. मले बारीक अक्षर दिसत नाही, नातीनं वाचून दाखवलं. 'उन्हाचं खेळणं'. घरच्या मंडळींचंही हेच मत म्हणे. कोणत्या मंडळींचं? खाली गॅसच्या शेगडीची अर्धं पान जाहिरात.

हे म्हणाले, "पेपरात आलं ना? महिना झाला का देऊन टाका वापस."

शांता भांडे घेऊन मोरीवर गेली. जूनपासून बालवाडीत बाई म्हणून घेऊन राहिले तिले, नऊ ते एक. मोतीबिंदू काढल्यापासून मले धुरात बसाची मनाई. पेटी गेली तं दुपारी यांचं ताट कोण... बालवाडी गेलीच मग.

११ मे
खरं काय ते आपणच पाहू म्हटलं. सकाळी नवाले भात लावला, बाजूलेच बसली. दोनदा उघडलं! राहवेचना, आत काय चाललं म्हणून. भात कच्चा. त्या चष्मेवाल्यावानीच मी. शांता हसली. किती दिसांनी.

१२ मे
आज कौसल्येले पहाऱ्यावर बसवलं. माझा हात गेला का चापट. दुपारी एकाले भात मोकळा, वरण लोण्यावानी! फोडणी होत नाही. भाकर तं नाहीच, ती शांता सकाळी चुलीवर टाकून जाईल. ढगात काय होते, कोण जाणे.

कौसल्या म्हणे, "चूल फोडून टाका, काकू!"
म्हटलं, "अवं, तू बी पेपरवाल्यावानी. अर्धं पाहाचं अन् पूर्न बोलाचं."

१४ मे
पेपरले पत्र टाकलं. मीच लिहिलं, मोठ्या अक्षरात. दुसरीपर्यंतचं शिक्षण, खाडाखोड लई. लिहिलं, तुम्ही घरी आले, बरं वाटलं. पण शिजेपर्यंत बसाचं होतं. रांधते तिले विचाराचं होतं. वरण लोण्यावानी होते, भाकर होत नाही, दोन्ही लिहा. खाली जाहिरात कशाची, तेही पाहा.

१९ मे
छापलं! नावासकट! पण लोण्यावानी वरण तेवढं ठेवलं. भाकर कापली, जाहिरात कापली. आता गावच्या तलावापलीकडून बाया येऊन राहिल्या पेटी पाहाले. एकीएकीले सांगते, बाई, भाकर होत नाही. एक तं चिडलीच, "मंग पेपरात काहून नाही लिवलं?"

यांनी दोनदा वाचलं. "तू लिवलं?"
"नाही, पेटीनं."

२१ मे
पेपरवाले दोघं परत आले आज. चष्मेवाला म्हणे, "काकू, पत्र मी नाही कापलं, साहेबांनी."
म्हटलं, "डाळबी साहेबांनीच कच्ची ठेवली का?"
लाजला. मग शांतेकडे वळून विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा."

अन् शांता बोलली! यांच्यासमोर. भाकर, फोडणी, झाकण, सारं. शेवटी बालवाडीबी. हे पेटीच्या आरशातच पाहात राहिले. मग म्हणाले, "या पेपरवाल्यायले डाळ शिजेपर्यंत बसू द्या एकदा. पेटीचं मंग पाहू." बालवाडीचं नाव नाही काढलं. पण नाही म्हणले नाहीत.

नात विचारे, "आजी, हे डाळ पाहाले येतील त्या दिशी ढग आला तं?" आला तं आला. तेही लिहीन म्हणाला चष्मेवाला. पाहू तं.

गुरुवारी नवाले येतो म्हणाले.