एक खाट, दोन पाळ्या

सोमवार, १ सप्टेंबर २०२५. सकाळी ८.२०
आजपासून रोजनिशी. गेल्या वर्षीच्या व्हिजिटर रजिस्टरची मागची पानं कोरी निघाली, ती कामाला आली. मोठी माणसं रोजनिशी लिहितात असं ऐकून आहे. मी आधी रोजनिशी लिहायला घेतली आहे, मोठं होणं मागून येईल.

मी चंदर. मूळचा नामपूरचा, हल्ली नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे एका नव्या बिल्डिंगवर सिक्युरिटी इनचार्ज. एजन्सीच्या कार्डावर नुसतं 'गार्ड' छापलंय. पण दिवसाच्या पाळीला गेटवर मी एकटाच असतो, आणि जिथे माणूस एकटा तिथे इनचार्ज तोच. एवढं साधं गणित एजन्सीच्या राकेश सरांना अजून सुचलेलं नाही.

संकल्प तीन. रोज इंग्लिशची पाच वाक्यं. तंबाखू बंद. दिवाळीच्या आत हर्षाली आणि वेदिकाला इथे राहायला आणायचं. पहिले दोन सरावासाठी, तिसरा खरा. बायको-पोरगी तिकडे आणि मी इकडे, याला दोन वर्षं झाली.

मंगळवार, २ सप्टेंबर
तंबाखू उद्यापासून. पुडी फोडलेली होती. फेकणं म्हणजे नासाडी.

गुरुवार, ४ सप्टेंबर. संध्याकाळी ८.१०
राहायची सोय कंपनीनेच केली आहे. गेटच्या मागे पत्र्याची खोली, खोलीत एक खाट. मी सकाळी आठला उठून ड्यूटीवर गेलो की रात्रपाळीचे शफीभाई त्यावर झोपतात. संध्याकाळी आठला ते उठतात, मी झोपतो. खाट कधी गार होत नाही. थंडीत हे फार सोयीचं. उन्हाळ्याबद्दल आत्ताच कशाला बोला.

शफीभाई मालेगावचे. वय साठच्या पुढे असेल, सांगतात बावन्न. दीड वर्ष आम्ही एका खाटेवर झोपतोय, पण एकमेकांना भेटतो दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. चावी घेणं, रजिस्टरवर सही, 'सर्व ठीक' लिहिणं, संपलं. मला त्यांच्या उशीला लागलेल्या खोबरेल तेलाचा वास त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

इंग्लिशचं एकच वाक्य झालं. प्लीज वेट सर. हे आधीच येत होतं.

सोमवार, ८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. आता पंधरा दिवस कोणी घर बुक करणार नाही. बुकिंग बघणाऱ्या उजमा मॅडमही दुपारी दोन तास येतात आणि पंखा लावून बसून जातात. सॅम्पल फ्लॅटची सगळी जबाबदारी माझ्यावर.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला सजवून ठेवलेलं घर. रोज उघडायचं, पुसायचं, खिडक्या लावायच्या. सोफा आहे, पडदे आहेत, टेबलावर सफरचंदं आहेत. टीव्ही पुठ्ठ्याचा. सफरचंदं प्लास्टिकची. कपाटात जाडजूड पुस्तकं, ओढायला गेलं तर पाठी नुसत्या चिकटवलेल्या. पण लांबून बघितलं तर घर एक नंबर. आतल्या खोलीत मुलीसाठी गुलाबी पलंग, वर ढग काढलेले.

मी सोफ्यावर पाच मिनिटं बसलो. गादी दबते का हे तपासणं ड्यूटीतच येतं.

बुधवार, १० सप्टेंबर
पत्र्याच्या खोलीत मोबाईलला रेंज येत नाही. सॅम्पल फ्लॅटच्या हॉलमध्ये पूर्ण येते. म्हणून हर्षालीला व्हिडिओ कॉल तिथून केला. यात माझा काही डाव नव्हता, टॉवरच त्या बाजूला आहे.

ती पडदेच बघत राहिली. कोणाचं घर म्हणाली. मी म्हटलं, कंपनीचं. खरंच कंपनीचं आहे. वेदिकाने पलंग बघितला आणि विचारलं, हा कोणासाठी? मी म्हटलं, तुझ्याएवढ्या मुलीसाठी. यातलं एकही वाक्य खोटं नाही, मी रात्री आठवून आठवून तपासलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर
पगार आला. बुटाचे पैसे कापून आला. घरी पाठवला, मेस भागवली. उरलेल्या पैशांचं काय करायचं हा प्रश्न या महिन्यात पडला नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर
राकेश सर राउंडला आले. मी कडक सॅल्यूट मारला आणि सुपरवायझरच्या जागेचं विचारलं. सुपरवायझर झालं की पगार वाढतो, भाड्याने खोली परवडते, बाकी सगळं आपोआप जुळतं. सर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, दसऱ्याला बघू. म्हणजे नक्की झालं. नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाले असते.

संध्याकाळी शफीभाईंना बातमी दिली. ते म्हणाले, त्यांनाही सरांनी ईदला बघू म्हणून सांगितलं होतं, फक्त कोणती ईद ते विचारायचं राहिलं. माणूस वयाने कडू होतो. मी मनावर घेतलं नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
आता रोज फ्लॅटमधूनच कॉल. हर्षाली दिवसभर व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते, दुपारच्या सुट्टीत बोलते. मागे कांद्याचे ढीग आणि बायकांचा गलका. तिने बाजूच्या सरुबाईला मोबाईल दाखवला. सरुबाई म्हणाली, जावयाने नशीब काढलं. मी सोफ्यावर जरा सावरून बसलो.

हर्षालीने विचारलं, कधी यायचं? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. हे मी दोन वर्षं सांगतोय, पण या वेळी त्याला आधार आहे.

तिला जागेचं लोकेशन पाठवून दिलं. बघू दे नकाशावर. अंगण केवढं दिसतं.

तंबाखू सोमवारपासून.

रविवार, २१ सप्टेंबर
आज फोन केला तर हर्षाली कामात होती. मग सोफ्यावर एकटाच बसून राहिलो. पुठ्ठ्याच्या टीव्हीसमोर. एवढ्या मोठ्या घरात बोलायला कोणी नसेल तर श्रीमंत लोक काय करत असतील? मी पंख्याशी थोडं बोललो. इंग्लिशमध्ये, म्हणजे सरावही झाला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
नवरात्र सुरू झाल्यापासून गिऱ्हाइकांची रांग. फ्लॅटमध्ये मला फक्त पुसायला प्रवेश. कॉल गेटबाहेरून, नुसता आवाजाचा. हर्षाली म्हणाली, पडदे का दिसत नाहीत? म्हटलं, पाहुणे आलेत. तेही खरं.

मग तिने सांगितलं, वेदिकाचा शाळेचा दाखला काढला. गुरुजी मध्येच दाखला द्यायला तयार नव्हते, ती तीन दिवस जाऊन बसली. खळ्यावरही सांगून टाकलंय, दसऱ्यापर्यंतच येते म्हणून.

बोटांवर मोजलं, दसऱ्याला सहा दिवस. पण घाबरायचं कारण नाही. दसऱ्याला सुपरवायझर, दिवाळीपर्यंत खोली. फक्त क्रम थोडा बदलला.

सोमवार, २९ सप्टेंबर
राकेश सरांना चार फोन. उचलले नाहीत. साहेब लोक कामात असतात. माझं प्रमोशनचंच चाललं असेल.

बुधवार, १ ऑक्टोबर
उद्या दसरा. गेटला आणि सॅम्पल फ्लॅटच्या दाराला झेंडूची तोरणं मी बांधली. उद्याची सुट्टी मागितली होती, नामपूरला जाऊन हर्षालीला समोर बसून नीट सांगायचं होतं. सुट्टी मिळाली नाही, दसऱ्याला बुकिंगची गर्दी असते. नाहीतरी प्रमोशनच्या दिवशी गैरहजर राहणं बरं दिसलं नसतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. संध्याकाळी ६
काय झालं ते सरळ लिहितो.

अकराच्या सुमाराला मी गेटवर गाड्या लावत होतो. एक रिक्षा थांबली. हर्षाली उतरली, लग्नातली हिरवी साडी. वेदिका नवा फ्रॉक. दोन पिशव्या, आणि हर्षालीच्या हातात फडक्याने तोंड बांधलेलं नवं कोरं पातेलं. पातेल्यात दूध. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून ती नव्या घरात दूध उतू घालायला आली होती. पहाटेच्या एसटीने, नामपूरपासून पातेलं मांडीवर धरून.

मी काही बोलणार तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने हॉर्न वाजवला. मी त्याची गाडी लावून वळलो तर दोघी आत. तोरणं मीच बांधली होती, घर सापडायला अडचण ती काय येणार.

मी धावत गेलो. हर्षालीने चपला बाहेर काढून उजवं पाऊल आत टाकलं होतं. उजमा मॅडमनी तिला गिऱ्हाईक समजून सरबत दिलं आणि बजेट विचारलं. हर्षाली त्यांना कंपनीच्या बाई समजून नमस्कार करून पुढे स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर पातेलं ठेवलं, हळदीकुंकू लावलं, बटण फिरवलं. परत फिरवलं. माचीस काढली. ती शेगडी नुसती काचेवर चिकटवलेली आहे, खाली पाइपसुद्धा नाही. मागे पाच-सहा गिऱ्हाइकं उभी. वेदिका सफरचंद हातात घेऊन म्हणाली, पप्पा, हे पोकळ आहे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हर्षालीने ओट्याखालचं कपाट उघडून बघितलं, सिलिंडर नव्हता. मग माझ्या अंगावरचा युनिफॉर्म बघितला, पहिल्यांदा बघत असल्यासारखा. तिने पातेलं उचललं, पदराने ओट्यावरचं कुंकू पुसलं आणि हळूच विचारलं,

"तुम्ही कोठे झोपतस?"



पत्र्याच्या खोलीत नेलं. खाटेवर शफीभाई झोपलेले. बाईमाणूस बघून ते दचकून उठले, खाटेवरची चादर झटकली, बसा वहिनी म्हणाले आणि नुसत्या बनियनवरच बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. हर्षाली बसली नाही. कोपऱ्यातल्या आमच्या छोट्या गॅसवर तिने दूध ठेवलं. उतू गेलं. तीन बाजूंनी धार आली, सगळी खोली जळक्या दुधाच्या वासाने भरून गेली. तिने हात जोडले, वेदिकालाही जोडायला लावले. मग उरलेल्याचा चहा केला आणि पहिला कप बाहेर शफीभाईंना नेऊन दिला.

चहा पिताना ती म्हणाली, "माले पत्रानी खोली बी चालती व्हती. तुम्ही सांगंच नही."

तिने मग विचारलं, इथेच आजूबाजूला एखादी स्वस्त खोली बघू का, मीही काहीतरी काम बघेन. पिशवीत दाखला आणलेला होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, थोडं थांब, सुपरवायझर होतोय, अशा खोलीत तुम्हाला ठेवणार नाही, पुढच्या महिन्यात चांगली जागा घेऊ. तिने माझ्याकडे बघितलं आणि कप विसळायला घेतले.

चारच्या एसटीत बसवून दिलं. वेदिका खिडकीतून हात हलवत होती. हर्षाली पातेलं मांडीवर घेऊन समोर बघत होती.

राकेश सर आज आले नाहीत.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
काल ड्यूटीवर कुटुंब आत सोडलं म्हणून एक दिवसाचा पगार कापला. उजमा मॅडमनी तक्रार केली नव्हती, कॅमेऱ्यात दिसलं. कॅमेरे कधी बसवले ते इनचार्जला कोणी सांगितलं नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर
हर्षालीने वेदिकाचा दाखला परत त्याच शाळेत दिला. गुरुजींनी घेतला, वर दोन गोष्टी ऐकवल्या. हर्षाली पुन्हा खळ्यावर जाते. फोनवर फक्त जेवलात का विचारते. मी हो म्हणतो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ९
राकेश सर आले. सगळे फ्लॅट विकले गेले, सॅम्पल फ्लॅटसुद्धा. सोफा, पडदे, सफरचंदं टेम्पोत भरून दुसऱ्या साइटवर गेली. गुलाबी पलंग मीच उचलून दिला. कागदासारखा हलका होता.

सर म्हणाले, रात्रीच्या पाळीला आता माणूस नको, कॅमेरे आहेत. शफीभाईंना पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर पाठवलं. आणि मला म्हणाले, आता या साइटचा इनचार्ज तूच. पगार तोच. अडीअडचणीला रात्रीही उठायचं.

मी सॅल्यूट मारला.

शफीभाई पिशवी घेऊन निघाले. आज पहिल्यांदा आम्ही दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर होतो आणि मी सवयीने रजिस्टर सहीला पुढे केलं. जाताना म्हणाले, उशी राहू दे तुला.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी
कालही पाळी संपवून खाटेवर पडलो. गार होती. बराच वेळ डोळा लागला नाही. एवढ्याशा खोलीत इतकी जागा आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

सकाळी राकेश सरांना विचारलं, बायको-पोरगीला या खोलीत आणू का? म्हणाले, आण, बाई सकाळी बिल्डिंग झाडून देणार असेल तर आण. मी धावत गेटबाहेर रेंजमध्ये गेलो आणि हर्षालीला सगळं सांगितलं. खरं खरं सांगितलं. पत्रा, खाट, झाडू, सगळं. इनचार्ज झालो हे सांगायचं विसरलो. म्हटलं, भाऊबीज झाली की या, मी न्यायला येतो.

पलीकडे कांद्याच्या खळ्यावरचा गलका येत होता. ती मोबाईल घेऊन गलक्यापासून जरा बाजूला गेली. मग म्हणाली, शाळेत परत दाखला मागायला तिला तोंड नाही, आणि खळ्यावरच्या मुकादमाने या वेळी फार मिनतवारीनंतर घेतलंय.

"पुढला महिनामा दखूत," म्हणाली.

मी बरं म्हटलं. या वाक्यावर दुसरं काही म्हणता येत नाही, मला माहीत आहे.