डब्यातले आजोबा

सौंसर
९ डिसेंबर २०२४, सोमवार

बाई सोनाली,

तुले आजीचा सप्रेम जयभीम. इथं आम्ही सारे बरे हावो. तुझा बाप प्रफुल्ल नगरपालिकेत जाते न येते. थंडी पडली. शेजारची वंदना रामाकोन्याहून संत्री घेऊन आली, आंबट निघाली, तरी मी खाल्ली. चौथी शिकलेली बाई लिहून राहिली, समजून घेजो.

तू विचारलं होतं, आजी, त्या जुन्या इंग्रजी सिरेलचा सगळ्यात भेवाचा भाग कोणता. काळी-पांढरी होती ते. दर भागात नवे लोकं, कधी रॉकेट, कधी मशीन, न शेवटी काही तरी भलतंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू लॅपटॉप खाटेवर ठेवे न आपल्या भाषेत सांगत जाय. तुझे आजोबा मधातच म्हणत, "थांब वं सोनू, हा टोपीवाला मरते आता." तो काही मरे ना. मग मी हसो न ते माह्यावर चिडत. लय मजा होती, बाई.

त्यातला तो आरशाचा भाग. एक बाई केस विंचरते, न आरशातली बाई फणी ठेवून झोपाले निघून जाते. ही तशीच उभी, केस मोकळे. तू माह्या पदरात तोंड घातलं होतं. मले काही भेव वाटलं नाही. मले वाटलं, बरं झालं, एकीले तरी आराम भेटला.

दुसरा तो, सारं गाव मशीनमधी बसून जवान होते, न मशीन चालवाले एक म्हातारा मांगं राह्यते. आजोबा म्हणाले, "हे तं आमच्यावानीच हाये. गाव पाणी पेते, न वाल फिरवाले मी एकटा." सारी नोकरी नळाच्या पाण्याचे वाल फिरवण्यात गेली त्याईची, दुसरं काय सुचन.

पण सगळ्यात भेवाचा भाग त्या सिरेलमधी नाही. तो आपल्या घरी चालू होता. फोनवर सांगता आलं नाही, कारण तुहा फोन तू पाठवलेल्या त्या बोलत्या डब्यातूनच येते न डबा सारं आयकते. म्हणून हे पत्र.

पावसाळ्यात आजोबा गेले तेव्हा तू परदेशात होती, तुले येता आलं नाही. त्याचा मले राग नाही, खरंच नाही. आजोबा तुले फोनवर बोलून पाठवत, ते सारे आवाज जमवून तू डबा बनवला. दिवाळीत प्रफुल्लनं तो टीव्हीजवळ लावला. डबा म्हणाला, "शांता, चहा घेतला का?" प्रफुल्ल रडला. वंदना म्हणाली, "काकू, काका आले पाहा वापस." मी पण हासली, पण डब्यापासून दूर सरकून बसली.

बाई, लग्नापासून त्या माणसानं माहं नाव घेतलं नाही. "प्रफुल्लची माय", नाही तं "आयकतं का वं". पाहुण्यांसमोर नुसतं खोकलत, न मी पाणी नेऊन देवो. तुले तरी कसं माहीत असन? तुह्याशी बोलताना ते मले आजीच म्हणत. न आवाजातला खोकला तू काढून टाकला. शेवटी शेवटी एका वाक्यात दोनदा दम घेत होते ते. डब्याले दम लागतच नाही.

डबा दिवसभर विचारते, जेवली का, गोळी घेतली का. उत्तर नाही देल्लं तं पुन्हा विचारते. दोन वर्स त्याईचं सारं केलं मी, हागमूत, औषध, पाठ चोळून देणं. कंटाळली नाही. पण थकली, बाई. ते गेले त्या दिवशी रडून झाल्यावर मले झोप लागली, गाढ. हे मी कोणाले सांगितलं नाही.

न रोज संध्याकाळी तू फोन करतं. "आजोबा, जेवले का?" डबा म्हणते, "हो सोनू, जेवलो." इथं कोणीच जेवलं नसते. तुम्ही दोघं बोलता न मी बाजूच्या खुर्चीवर बसली राह्यतो. तू म्हणतं, "आजी बरी हाये ना?" ते तू त्याले विचारतं. तो म्हणते, बरी हाये. न फोन बंद.

काल मी वायर काढली. फेकला नाही, तू मेहनत केली हाये. तुह्याच जुन्या स्वेटरमधी गुंडाळून कपाटात ठेवला. तू आली की घेऊन जाय. तुले त्याच्याशी बोलावंसं वाटते, ते मी समजतो. तू त्याईचं तोंड पाह्यलं नाही, म्हणून तुह्यासाठी ते अजून गेले नाही. घरी ये, मी तुले सारं सांगतो, कसे गेले, काय बोलले शेवटी. आपण दोघी मिळून रडू. मग तू पण झोपशीन.

वायर काढली तसं घर एकदम चूप झालं. मी पाय पसरून बसली. बरं वाटलं, न थोडी लाज पण वाटली.

याचं उत्तर लिहू नको. वंदनाच्या फोनवर फोन लाव न म्हण, आजीले द्या.

जित्ती हाये तोवर तुहीच,
आजी