वन्संसाठी टोक नसलेला चाकू

९ मार्च, रविवार

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. इकडे सगळे ठीक. तुमचे भाऊ दाढदुखीने बेजार आहेत, पण डॉक्टरांचं नाव काढलं की दाढ आपोआप दुखायची थांबते. तुमचे गुडघे कसे आहेत? लेकीकडे जिने फार, असं लिहिलं होतंत.

जावईबापू दोरी-ताडपत्रीच्या दुकानात मदतीला बोलावताहेत, पण सुतळी कापायलासुद्धा चाकू हातात घ्यायची भीती वाटते, म्हणून बोथट टोकाचा, घडीचा, परवडेल असा एखादा बघून पाठव, असं तुम्ही लिहिलंत. बुधवारी कामावरून सुटल्यावर लगेच गेले. तासभर उलटसुलट करून बघत होते. शेवटी दुकानदार म्हणाला, "बाई, चाकू घेताय की जावई शोधताय?"

पहिला देखणा होता, पण त्याचा खटका नीट बसेना. जरा जोर लावला की पातं बोटावरच मिटायचं. दुसऱ्याची मूठ गुळगुळीत, घामेजल्या हातात राहिली नसती. तिसरा साधा, काळ्या मुठीचा आणि स्वस्तातला. धार सरळ, आणि पात्याची पाठ पुढे जाऊन धारेवर उतरलेली, त्यामुळे टोकच नाही. खटका पक्का. दुकानदाराने पुठ्ठा, सुतळी, पट्टी सगळं कापून दाखवलं आणि म्हणाला, "रोजच्या कामाला टोक हवंय कशाला? कापते ती धार. टोक नुसतं आतल्या मालात शिरतं."

मी पैसे दिले आणि बाहेर आले.

वन्सं, चाकू घेऊन चार दिवस झाले आणि मी तो पाठवलेला नाही. पोस्ट घरापासून दहा पावलांवर आहे. काय लिहू आणि कसं लिहू हेच सुचत नव्हतं. आता लिहिते. मध्येच कागद बाजूला ठेवू नका.

ते अकरा कोट मी फाडले.

आपल्या गोडाऊनमध्ये कपड्यांचं खोकं जी उघडेल तिने झाकणावर खडूने आपली खूण करायची. तुमच्या दोन रेघा, माझं वर्तुळ. पण माझी खूण करायची राहिली की तुम्हीच जाता जाता दोन रेघा ओढायचात. "मोजणी अडायला नको गं, एकीचं काम ते दोघींचं," म्हणायचात. त्या दिवशी मला लवकर निघायचं होतं. मी धडाधड खोकी उघडत सुटले होते. चाकू खोल गेला तेव्हा हाताला कळलं. कापड फाटतं तेव्हा वेगळं लागतं, तुम्हाला माहीत आहे. तरी मी थांबले नाही. खूणही केली नाही. ती तुम्ही केलीत, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी शिट्टीसाहेबांनी ते कोट टेबलावर पसरले. एरवी गोडाऊनभर वाजणारी त्यांची ती शिट्टी त्या दिवशी बंद होती. झाकणांवर तुमच्या रेघा होत्या. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "असेल बाई. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत." मी समोरच उभी होते. गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी करून सवरून नामानिराळी राहिले, आणि वर सगळ्यांदेखत तुम्हाला शहाणपण शिकवलं, "वन्सं, आता टोक नसलेला चाकू घ्या बाई." तुम्ही मान डोलावलीत. मला ती मान अजून दिसते.

आठवड्याने तुम्ही काम सोडलंत. मी म्हटलं, वय झालं, आराम मिळेल. मनाला काहीही पटवता येतं. पण परवा तुमच्या लेकीचा फोन आला. म्हणाली, "मामी, आई आता साधं सफरचंदसुद्धा चिरत नाही. म्हणते, माझ्या हाताचा भरवसा नाही." तीस वर्षं चाकू चालवलेला तुमचा हात, आणि त्याच्यावरचा विश्वास माझ्यामुळे गेला.

काल मी शिट्टीसाहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांचा विश्वासच बसेना. "नणंदेला वाचवताय होय?" म्हणाले. बाकीच्या म्हणाल्या, भावजय असावी तर अशी! वन्सं, त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी तुमचा जुना चाकू आणायला लावला. तो अजून कपाटात आहे. घासून घासून पातं जेमतेम पेरभर उरलंय. एक कोट घडी करून खोक्यात ठेवला आणि वरून दोन्ही चाकू घालून दाखवले. तुमचा वरच्या प्लास्टिकपर्यंतच पोचला. माझा कोटाच्या दुसऱ्या घडीत गेला. मग बाकीच्या आपापल्या खोक्यांकडे वळल्या. जेवायला मी एकटीच बसले. साहेब एवढंच म्हणाले, "हे त्यांना आधी लिहा."

तुमच्या भावांना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टाकून आले की सांगणार आहे. ते रागावतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

तुम्ही माफ करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही लगेच कराल, म्हणून तर आणखी लाज वाटते. एवढंच करा. जावईबापूंच्या दुकानात जा, आणि तिथे हाताला येईल तो चाकू उचला. उद्या सोयीचा वाटला म्हणून बोथट टोकाचा घेतलात तर जरूर घ्या, चांगली वस्तू आहे. पण हाताला दोष देऊन घेऊ नका. तुमच्या हातून एक धागाही तुटलेला नाही.

मी घेतलेला चाकू पाठवत नाही. उद्यापासून तो मीच वापरणार आहे.

तुमच्या खुणेआड लपलेली,
तुमची भावजय