बाहेर काढलेला गडी

९ जुलै १९७३, कवठे महांकाळ

शाळेत फुटबॉल आला! पी.टी.चे सर बदलून गेले आणि मागोमाग हा चेंडू. हेडमास्तर नानासो म्हणाले, "मास्तर, तुमचा ल्योक हंबीरराव पलटणीत फुटबॉल खेळायचा न्हवं? मग तुमीच घ्या पोरं. सप्टेंबरात साताऱ्याला सामने हायती." मी गणिताचा माणूस. जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. पण बरं म्हणालो. हल्ली कशालाही बरं म्हणतो. नको म्हणायला आत काहीतरी वाटावं लागतं.

१० जुलै

नियमांचं पुस्तक वाचलं. एका बाजूला अकरा गडी. त्यातला एक गोली – हात लावायची मुभा त्याला एकट्याला, तीही आखलेल्या चौकटीत. बाकी कुणाचा हात लागला की फाऊल. चेंडू बाजूनं बाहेर गेला तर दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकायचा, पाय जमिनीवर ठेवून. आणि एक – चेंडू सगळाच्या सगळा रेषेपलीकडे गेला तरच तो गेला. रेषेला नुसता टेकलेला असेल तर अजून आतच. हा नियम मला आवडला. दोनदा वाचला.

पुढची पानं चाळली आणि दिवा बारीक केला.

१४ जुलै

पोरं उतरली. अनवाणी! ताकद उदंड, अक्कल हुतूतूची. धुळा नावाच्या पोरानं चेंडू सोडला आणि समोरच्या पोराचा घोटा पकडून त्याच्या अंगावर पडला. वर बाकीच्यांनीही उड्या टाकल्या. मी ओरडतोय, "अरे सोडा त्याला!" तर धुळा खालून म्हणतो, "सर, आता कुटं सुटतोय त्यो!"

नानासो व्हरांड्यात पोट धरून हसत होते. मीही तोंड हसल्यासारखं केलं.

२२ जुलै, रविवार

माझ्या सुनेचा, राहीचा, भाऊ नाथाजी तासगावहून आला. चहा होईस्तोवर पावसापाण्याचं बोलला. मग राही पाण्याला गेल्यावर मुद्द्यावर आला. "मास्तर, दीड वर्स झालं. पाकिस्तानच्या लढाईतलं कैदी बी आलं परत, त्यात दाजींचं नाव न्हाई. राही बावीस वर्साची हाय. चांगला मानूस बघून ठेवलाय, पाटाला तयार हाय त्यो. तुमी एकदा म्हना, हंबीरराव गेलं. तुमच्या तोंडनं निगाल्याबिगर ती उंबरा सोडायची न्हाई."

मी म्हणालो, "कागदावर बेपत्ता लिहिलंय. बेपत्ता म्हणजे गेला नव्हे."

 तो चहा अर्धा ठेवून उठला. त्याचा राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. घरात आम्ही दोघंच – हंबीररावाची आई जाऊनही नऊ वर्षं झाली. पोर वाट बघत बसलीय. तिच्या हातातली आस मी सासरा होऊन काढून घेऊ? जमायचं नाही. बस्स.

२ ऑगस्ट

ऑफसाइड काही केल्या डोक्यात शिरत नाही. चिंचोके मांडून बसलो होतो. राही ज्वारी पाखडत बघत होती. मी वाचून दाखवलं – आपल्या गड्यानं चेंडू मारला त्या क्षणी आपल्यापुढं त्यांचे दोन गडी तरी हवेत, गोली धरून. नाहीतर चूक. तिनं सूप खाली ठेवलं, एक चिंचोका मागं सरकवला. "म्हंजी चेंडूच्या आदी म्होरं जाऊन गोलापाशी ठिय्या द्यायचा न्हाई. एवढंच की, मामंजी!"

एवढंच! वीस वर्षं गणित शिकवतोय मी.

११ ऑगस्ट

चेंडू बाभळीच्या काट्यावर बसला. ब्लॅडर मिरजेहून मागवलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. नानासोंनी मला पुढं बोलावलं आणि जवानाचा बाप की शहिदाचा, काय म्हणून ओळख करून द्यावी ते त्यांना सुचेना. शेवटी "आपले मास्तर" म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ घेऊन जागेवर आलो.

८ सप्टेंबर, सातारा

सामना हरलो. ते ठीक. पण जे झालं ते लिहून ठेवतो.

पंच एक पेन्शनर हवालदार, मिशा पांढऱ्या, शिट्टी करारी. धुळानं पहिल्यांदा घोटा धरला तेव्हा त्यांनी ताकीद दिली. दुसऱ्यांदा धरला तेव्हा बोट दाखवून बाहेर काढलं. धुळा मुकाट माझ्याशेजारी येऊन बसला. अगदी निवांत! मला नवल वाटलं.

थोड्या वेळानं आमच्या आकारामनं गोल मारला. पोरं नाचायला लागली आणि धुळा उठून सरळ मैदानात पळाला. आकारामनं त्याला मिठी मारली, आपल्या जागी उभा केला. बघणारे हसायला लागले. मला तेव्हा उमगलं – हुतूतूत आपल्या बाजूनं त्यांचा एक बाद केला की आपला बाहेर बसलेला एक उठतो. पोरांच्या हाडात तेच मुरलेलं. त्यांनी गोल मारून धुळाला परत आणला होता!

पंच माझ्याकडं आले. "मास्तर, पोरास्नी शिकवलं न्हाई व्हय? हितं काढला त्यो गेला. धा गोल मारा, परत न्हाई."

पुस्तकात होतं ते. त्या पानांवरून नजर फिरवली होती मी, पोरांना सांगितलं मात्र नव्हतं. मैदानात गेलो, धुळाचा हात धरला. तो जागचा हलेना. "पर सर, आमी गोल केला की!"

"केला रं. लय चांगला केला. पण गेलेला परत येत न्हाई, गड्या."

बोलून गेलो. हे वाक्य दीड वर्षात माझ्या तोंडून निघालं नव्हतं. धुळा रडायला लागला आणि मला त्याचा हेवा वाटला. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. एसटीत पोरं आकारामच्या गोलाचंच बोलत होती. मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

९ सप्टेंबर, रविवार

सकाळी चुलीपाशी बसून सांगितलं. "हंबीरराव येत न्हाई आता, पोरी. नाथाजीला बोलावून घेतो." राहीनं थापलेली भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं. म्हणाली, "कैदी आलं आन् ह्ये आलं न्हाईत, तवाच कळलं हुतं मला, मामंजी. तुमास्नी एकलं टाकून कसं जायाचं, म्हनून ऱ्हायले." मग पदराला हात पुसून माझ्यापुढं येऊन बसली.

"माजं रडून झालंय. तुमचंच ऱ्हायलंय."