क्लासच्या भिंतीवरची बाई

१२ जानेवारी १९९७, लातूर

किळस आली! दुसरा शब्द नाही. रेणुकादास सरांनी त्यांच्या शिकवणी क्लासच्या नव्या इमारतीत बोलावलं होतं. जिन्यासमोरची अख्खी भिंत मला रंगवायला देणार. विषय — श्रमाची प्रतिष्ठा. शाळेत पोरांना केळी न् सफरचंदं काढायला शिकवून विटलेली मी, खुशीत गेले. तर त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरचं पान पुढं केलं. गोरीपान बाई, डोक्यामागं सोनेरी वलय, पायाखाली कमळ. मागं ज्वारीचं रान, आणि हातात विळा — तोही आरतीचं ताट धरावं तसा!

"प्रतीकवादी शैली" पाहिजे म्हणे. शब्द कुठून उचलला कोण जाणे. मी म्हटलं, सर, रानात राबणारी बाई अशी नसते. तर म्हणाले, "मॅडम, मला बाई नको आहे. प्रतीक पाहिजे."

घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं.

१३ जानेवारी

अब्बांचं म्हणणं — भिंत त्यांची, रंग त्यांचा, तू नुसता हात चालव. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. त्यांना ते जमतं. मला नाही जमत.

प्रतीकाचा मला राग नाही. कॉलेजात परदेशी चित्रकारांची छापील चित्रं बघितली होती. संध्याकाळचा उजेड, वाकलेली माणसं, बस्स. अंगावर काटा आला होता. त्यात कमळ नव्हतं की वलय नव्हतं.

१९ जानेवारी

बाई सापडली! त्याच इमारतीवर गवंड्याच्या हाताखाली माल वाहते — गुरम्मा मावशी. औशाकडची. भूकंपात घर गेलं, तेव्हापासून कधी इथं, कधी गावाकडं रानात. आज तिच्यासोबत तिच्या गावाला गेले. ज्वारीची काढणी चाललीय.

विळा कसला अन् काय! आमच्याकडं रब्बीची ज्वारी उपटतात. दोन्ही हातांनी धाटं धरायची, कमरेतून वाकायचं, मुळासकट ओढायची. दिवसभर मान खाली. त्या कॅलेंडरवाल्याला एक दिवस रानात उभा करायला पाहिजे.

मावशीला म्हटलं, तुलाच काढते भिंतीवर. तिला खरंच वाटेना. "मी दिसन ना गं पोरी?" म्हटलं, तूच दिसशील, दुसरं कोणी नाही.

२ फेब्रुवारी

कच्चं चित्र झालं. पाठ भिंतभर. टेकडीएवढी. मागं मावळतीचं आभाळ. मान धाटांत गेलेली, चेहरा पूर्ण सावलीत. श्रमाला चेहरा नसतो — हे मला आज सुचलं. मीच खूश.

५ फेब्रुवारी

सर बघून सुरूच झाले — हे काय, नुसती पाठ? पालक लांबून येतात, नांदेडहून, उदगीरहून. त्यांना प्रसन्न वाटलं पाहिजे. निदान विळा तरी द्या, वलय तरी द्या!

आणि चित्राच्या खाली काय लावणार? बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो. हसरे, पावडर लावलेले, खाली नाव, टक्के. घाम वर आणि गुणवत्ता खाली अशी मांडणी. वर मलाच विचारतात, कल्पना कशी आहे?

६ फेब्रुवारी

भांडले. बघू.

२३ फेब्रुवारी

रोज एक नवीन तऱ्हा. आज म्हणाले, साडी जरा नवी काढा, फाटकी बरी दिसत नाही. काल म्हणाले, पायाच्या भेगा कशाला? हे बोलताना ज्या फरशीवर उभे होते, ती फरशी मावशीनं त्याच पायांनी जिना चढून वर आणलीय. माणसाची इतकी शिसारी, आणि त्याच माणसाची पूजा मांडायची!

स्पष्ट सांगितलं — एक रेघ बदलणार नाही. दुसरा बघा.

१ मार्च

जिंकले!! पाडव्याला उद्घाटन, पत्रिका वाटून झाल्या, दुसरा चित्रकार मिळेना. सर मुकाट्यानं हो म्हणाले. अब्बांनी पेढे आणले. म्हणाले, लई हट्टी हाय माझी सबिहा.

२९ मार्च

शेवटचा हात मारला. पाठीवर तांबूस उजेड असा उतरलाय की माझाच विश्वास बसत नाही. एवढं चांगलं काम परत हातून होईल का, ठाऊक नाही.

३१ मार्च

गुरम्मा मावशी गावाकडच्या बायका घेऊन आली, चित्र दाखवायला. जिन्यासमोर उभ्या राहिल्या सगळ्या. एकीनं विचारलं, ह्याच्यात तू कुठं हायस? मावशी भिंतीजवळ गेली. खालून वाकून बघितलं, धाटांत, सावलीत. मग माझ्याकडं वळली. चिडलेली नव्हती.

"भूकंपात फोटूवाले आल्ते. त्यांनी बी पाठच काढली, ढिगाऱ्यावर वाकलेली. पेपरात आली. कुणी वळखलं न्हाई मला. तू बी पाठच काढलीस व्हय, पोरी?"